कोपरखारचा गोलकी

माझा नातू टीव्हीसमोर बसला की घरात दुसऱ्या कुणाची डाळ शिजत नाही. परवा परदेशातली कुठलीशी फुटबॉलची मॅच चालली होती आणि तो आईला सांगत होता, की हा गोलकीपर जन्मला एका देशात, वाढला तिथेच, खेळायला शिकला तिथेच, पण खेळतो मात्र आजोबांच्या देशाकडून. "कमाल आहे," सूनबाई म्हणाली, "ज्यांनी शिकवलं त्यांनाच पाठ दाखवली की!" मुलानेही मान डोलावली. मी कोपऱ्यात बसून भिजवलेले वाल सोलत होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर उत्तर एवढं लांबलं असतं की मॅच संपून गेली असती. म्हणून इथे लिहितो. आमचा देश एकच होता, पासपोर्ट नावाची चीज घरात कुणी पाहिलेली नव्हती, आणि आजोबांचं गाव आमच्या रोह्याजवळच्या अष्टमी गावापासून एसटीने एका सकाळीत जाऊन येण्याइतकं जवळ. पण तेवढ्या अंतरातही माणूस परका होतो. माझा बा झाला होता.

आम्ही अष्टमीला पुलाच्या अलीकडे एका चाळीत राहायचो. पुढची खोली, मागे स्वयंपाक, आणि त्याच्या मागे कुंडलिकेचा काठ. कंपनीचा भोंगा वाजला की आय चुलीवरचा तवा उतरवायची, कारण दुसऱ्या भोंग्याला बाची सायकल पुलावर चढलेली असायची. बा बॉयलरवर होता. घरी यायचा तेव्हा अंगाला कोळशाचा आणि कसल्याशा औषधाचा वास असायचा. तो वास रोह्यात तेव्हा घरोघरी होता, त्यामुळे तो वास आहे हेही आम्हाला पाहुणे आले की कळायचं. जेवायला तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, थंडीत वालाच्या शेंगा. बा पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, "मीठ अलनी हाय." आय म्हणायची, "मीठ अलनी कसा असंल? मीठ ता मीठ." "दुकानाचा हाय ना," बा म्हणायचा, "म्हनून." कोपरखारच्या मिठागरात त्याचं लहानपण गेलं होतं आणि दुकानातलं मीठ त्याने मरेपर्यंत मनापासून मीठ मानलं नाही. आय खांब गावच्या बाजूची, भाताच्या शेतांतली. तिला या खाऱ्या कौतुकाचा भारी कंटाळा होता. रोज तोच संवाद व्हायचा, आणि दोघांपैकी एक जण आजारी असला की मला तो नसल्याचं चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

कोपरखार पेणच्या खाडीकाठी. वडखळच्या नाक्यावर उतरायचं आणि मग खाजणातून, भरतीला बुडणाऱ्या चिखलाच्या रानातून, पायी. गावाच्या तिन्ही बाजूंना खाडी, आणि खाडी व शेत यांच्या मध्ये मातीचा एक लांब बांध. तो बांध आहे म्हणून गाव आहे. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून तिथली रीत अशी, की बांध फुटल्याची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे. आजारी असो, सुतकात असो, कोर्टात तारीख असो. माणसं रांग धरून उभी राहतात, खाजणातला चिखल कापून त्याचे गोळे हातोहात फेकत भगदाडापर्यंत पोचवतात. बा रोह्याला नोकरीला आला तेव्हा त्याने थोरल्या भावाला, हिराजी काकाला, शब्द दिला होता की हाक आली की मी येईन. आणि एका श्रावणात हाक आली. निरोप कंपनीच्या गेटवर आला, बाला तो मिळालाही. पण त्याच्या पाळीचा पुढचा माणूस पुरामुळे आलाच नाही आणि पेटलेला बॉयलर सोडून जाता येत नाही. बा कोपरखारला पोचला तेव्हा बांध बांधून झाला होता, आणि भगदाडाला लागून असलेलं काकाचं शेत खाडी झालं होतं. काकाने चिखलाने भरलेल्या अंगाने धाकट्या भावाकडे एकदा पाहिलं आणि तो घरात निघून गेला. बॉयलर म्हणजे काय ते कोपरखारात कुणी पाहिलं नव्हतं. बांधापेक्षा मोठं जगात काही असू शकतं हे कुणाला पटलं नाही.

त्या दिवसापासून अबोला. काकाने बोलणं टाकलं म्हणून हळूहळू गावानेही टाकलं. काकाच्या मुलीचं लग्न झालं, ते आम्हाला बाजारातल्या सुकटवालीकडून कळलं. बा सुट्टीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून वडखळला जायचा. "काम हाय," म्हणायचा. काम काही नसायचं. नाक्यावरच्या हॉटेलात चहा घेऊन बसायचा, कोपरखारचं कुणी बाजाराला आलं तर "बरा हाय ना?" विचारायचा, ती माणसं "हाय बरा" म्हणून घाईघाईने पिशवी उचलायची, आणि बा सुक्या बोंबलांची जुडी घेऊन परतायचा. आय ते बोंबील फडताळात ठेवताना भांडी जरा जास्तच आपटायची.

मला गोलकीपर करायचं बाच्या मनात कधीच नव्हतं. त्याला बांधाचं काम हातातून जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच. ओहोटीला कुंडलिकेचा काठ उघडा पडला की तो मला खाली घेऊन जायचा, फावड्याने चिखल कापायचा आणि गोळे माझ्याकडे फेकायचा. "हात मऊ ठेव. छातीकडं घे. हात कडक झालं की गोला फुटतो." गोळा फुटला की तोंडभर चिखल. झेलला की लगेच डावीकडे वळून पुढच्या माणसाला द्यायचा, आणि पुढचा माणूस नसल्यामुळे मी तो नदीत टाकायचो. आय वरून ओरडायची, "बापलेकांनी आज कपडं धुवायचं न् मंगच घरात यायचं!" आम्ही तसेच पाण्यात उतरायचो. माझं लहानपण मला कुणी परत दिलं तर मी तेवढंच मागेन.

तिथेच मला परेरासाहेबांनी पाहिलं. ते गोव्याचे, कंपनीत पर्यवेक्षक, आणि फुटबॉलचं वेड लागलेले. पुलावरून सायकल हातात धरून चालले होते. एक पोरगा अंगावर येणारा चिखल फुलासारखा झेलतोय हे बघून थांबले आणि खाली उतरून आले. बुटांसकट. "बॉल असा धरशील काय रे?" त्यांनी विचारलं. मी तोवर फुटबॉलला हात लावला नव्हता. पुढची काही वर्षं त्यांनी मला घडवलं, हे मी कुठेही आणि कुणासमोरही सांगेन. गोलातून केव्हा पुढे यायचं, केव्हा नाही, पडायचं कसं, पडून लगेच उठायचं कसं. चामड्याचे हातमोजे त्यांनी मला दिले, तसे रोह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हते. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी बाला बोलावून सांगितलं, की पोराला कंपनीच्या टीममध्ये घेतो आणि टीममधल्या पोरांना कंपनी कायम करते. त्या संध्याकाळी आयने गोडाचं केलं आणि चाळीत वाटलं.

त्याच वर्षीच्या थंडीत पेणला मोठी स्पर्धा ठरली. भात कापून झालेल्या शेतांत मैदान आखलं होतं. गावांचे संघ, कंपन्यांचे संघ, सगळे एकत्र. नियम असा, की खेळाडूने एकतर राहत्या जागेकडून खेळावं किंवा मूळ गावाकडून, पण एकाच. पहिलीच गाठ पडली ती आमच्या कंपनीची आणि कोपरखारची. खाडीकाठच्या पोरांनी फुटबॉल कुठून उचलला देव जाणे, पण ती पळायची वाऱ्यासारखी. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मग एका दुपारी हिराजी काकाचा मुलगा भाल्या आमच्या दारात येऊन उभा राहिला.

कोपरखारचं माणूस आमच्या घरी कित्येक वर्षांत आलं नव्हतं. आयने त्याला पाट दिला, चहा दिला, पण बोलली नाही. भाल्याने चहा पिऊन टाकला, कप उलटा ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "आमचे गोलकीचा हात मोडलाय. पोरांनी इचारलाय, तू येशील का?" मग जरा थांबून म्हणाला, "माज्या बाला इचारला मी. बा बोलला, आदी बांधाला हात लावूंदे, मंग बघू." बांधाचं डागडुजीचं काम तेव्हा चाललंच होतं. ज्याचा चिखल बांधाला लागला नाही तो गावाचा नाही, एवढा साधा हिशेब होता.

बा शिफ्ट संपवून आला होता, पायातल्या चपला अजून काढायच्या होत्या. तो भाल्याच्या समोर उकिडवा बसला आणि विचारायला लागला. उगवतीचा बांध कसा हाय? उघाडीच्या दाराची फळी बदललीत का? काळी म्हैस हाय का गेली? चिंचेला चिंचा धरल्यात का? एकेक झाड, एकेक जनावर, खाडीचं प्रत्येक वळण. काकाचं नाव तेवढं काढेना. भाल्या उत्तरं देत होता आणि बा लहान पोरासारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता. मला इतकं वाईट वाटलं, की मी उठून मागच्या दारी गेलो. रडू आलं होतं, ते भाल्याला दिसायला नको होतं. निर्णय मी तिथेच, हौदाशी उभा राहून घेतला. बाकी सगळी चर्चा नंतरची.

चर्चा जोरात झाली. भाल्या गेल्यावर आयने तोंड उघडलं. "गाव! गाव म्हंजे काय? ज्या गावानं तुजे बाला प्यायला पानी नाय इचारला, त्याच्यासाटी तू नोकरीवर लाथ मारनार? गोलकी मोडला म्हनून आटवन झाली त्यांना! मोडला नसता त?" तिचं काहीच चुकत नव्हतं. मी बाकडे पाहिलं. "मी नाय सांगनार," बा म्हणाला. "जा बी बोलनार नाय, नको बी बोलनार नाय." "सांग ना वो!" आय कडाडली, "आता का दातखीळ बसली?" "ऐक गो," बा हळू आवाजात म्हणाला, "मी जा बोललो त तो माज्यासाटी जाईल. न् नको बोललो त मना झोप नाय येनार." मग तिने पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "जानार असशील त पोटभर जेवून जा. तिथं कोन इचारंल, नाय इचारंल." आणि ताटात जरा जास्तच भात वाढला. आयचा राग असाच उतरायचा.

परेरासाहेबांना सांगायला गेलो तेव्हा हातमोजे बरोबर घेऊन गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "कोपरखाराक कधी राहिलास तू?" विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग?" बा, बांध, अबोला हे सगळं त्यांना कसं सांगायचं ते कळेना. "तुझी जागा मी दुसऱ्याला देतलो, जना. टीम थांबवून ठेवता येत नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. मी हातमोजे टेबलावर ठेवले. त्यांनी ते उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि ड्रॉवर सावकाश बंद केला.

मॅचच्या आदल्या आठवड्यात मी कोपरखारला राहिलो, भाल्याच्या पडवीत. सकाळी ओहोटी लागली की बांधावर. रांगेत मला मध्ये उभं केलं; माझ्या उजव्या हाताला हिराजी काका. बुटका, रुंद, पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि बाचंच नाक. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. गोळे मात्र असे फेकायचा की पाठीचा कणा हलावा. आजूबाजूची माणसं गालात हसत होती. मी हात मऊ ठेवले, छातीकडे घेतलं, डावीकडे वळलो, दिलं. पुन्हा घेतलं, वळलो, दिलं. एकही फुटला नाही. बऱ्याच वेळाने काका गोळा हातात धरून थांबला. माझ्या हातांकडे पाहत राहिला. रांग खोळंबली. "काय झाला, हिराजी?" मागून कुणीतरी विचारलं. "काय नाय," काका म्हणाला आणि हातातला गोळा फेकला. पण त्यानंतरचे गोळे अंगावर नव्हते, हातात येत होते. काकी दुपारी बांधावर भाकऱ्या आणि भरलेली चिवणी मासळी घेऊन यायची. मी पहिल्यांदा गावचं मीठ चाखलं. आयसमोर कबूल केलं नसतं, पण बाचं खरं होतं.

आठवडाभर तेच. घ्यायचं, वळायचं, द्यायचं. झोपेतसुद्धा माझे हात हलायचे, असं भाल्या सांगायचा.

पेणच्या मैदानावर त्या दिवशी सगळं कोपरखार लोटलं होतं. बाया, म्हातारी माणसं, मिठागरातली पोरं. समोरच्या बाजूला कंपनीचा ट्रक भरून आलेली माणसं, आणि त्यांच्यात, पहिल्या पाळीवरून थेट आलेला, खाकी कपड्यांतला बा. गावाच्या बाजूला उभं राहायची त्याची छाती झाली नाही. आणि कंपनीच्या बाजूला टाळ्या वाजवायचीही नाही. हात मागे बांधून उभा होता. मी मोजे नसलेल्या हातांना माती चोळली आणि गोलात उभा राहिलो.

मी चांगला खेळलो. म्हातारपणी माणसाने स्वतःबद्दल एवढं तरी बोलावं. ज्यांच्याबरोबर वाढलो ती पोरं माझ्यावर चालून येत होती, आणि त्यांचे पाय मला पाठ होते. एकामागून एक फटके अडवले. कोपरखारच्या बाया माझ्या नावाने ओरडायला लागल्या. नाव ठाऊक नव्हतं त्या "काशिनाथचा पोर, काशिनाथचा पोर" करत होत्या. बाचं नाव गावाच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. मॅच बरोबरीत संपत आली होती. तेवढ्यात उजवीकडून एक उंच बॉल आला. सोपा. मी हात मऊ ठेवले, छातीकडे घेतला, आणि डावीकडे वळून देऊन टाकला.

डावीकडे आमचं कुणी नव्हतं. कंपनीचा पुढचा गडी होता. त्याला क्षणभर खरंच वाटेना. मग त्याने बॉल अलगद गोलात ढकलला. मी तसाच उभा होतो, पुढच्या गोळ्यासाठी उजवीकडे वळलेला.

शिट्टी झाली. हरलो. कंपनीवाले नाचत होते. परेरासाहेब तेवढे नाचत नव्हते, दुरून माझ्याकडे बघत होते. कोपरखारची माणसं मैदानात घुसली ती थेट माझ्या अंगावर. "काय रं, बांधावर हायेस का तू?" "झोपलावतास काय?" "आरं कोनाला दिलास?" जो तो शिव्या घालत होता, कुणी डोक्यात टपली मारत होतं, एक म्हातारी तर माझा कान धरून हसत होती. मला मरून जावंसं वाटत होतं. नोकरी गेली, मॅच गेली, आणि बाचं तोंड माझ्यामुळे पुन्हा खाली गेलं, एवढंच डोक्यात होतं.

मग गर्दी बाजूला झाली आणि हिराजी काका आला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मैदान ओलांडून तो सरळ कंपनीच्या ट्रककडे गेला, खाकी कपड्यांच्या घोळक्यात शिरला आणि बापुढे जाऊन उभा राहिला. मी धावत मागे गेलो. मला वाटलं आता हात उगारतो.

"काश्या!" काका गरजला. "काय शिकवलास रं पोराला? घेतलास न् दिलास! कोन हाय, कुटं हाय, बघायचा नाय का? तुजी बी तीच खोड व्हती! लहानपनापासनं बोंबलतोय मी, आदी बघ, मंग दे! ऐकलास कदी? आँ? ऐकलास?"

बा मान खाली घालून उभा होता. कंपनीतली माणसं अवघडून इकडे तिकडे पाहत होती. काका बोलतच होता. बांध, बॉल, म्हैस, पोरीचं लग्न, सगळं एकात एक. इतक्या वर्षांचं साठलेलं, थांबायला तयार नव्हतं. मधेच त्याचा आवाज फाटला, तरी तो बोलत राहिला. शेवटी दम लागला तेव्हा थांबला, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "घरी चल. म्हावरा केलाय."

बा हलेना. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा त्याने मान वर केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"ऐकलास का रं, जना?" तो मला म्हणाला. "दादा रागावला माज्यावर."